पूल कवा बुडते हे कोण लिहीन?

नमस्कार राजेहो. ट्रॉपिकल देश म्हटलं का आपल्याले नारळाची झाडं, निळा समुद्र अन् बालीचे फोटो आठवते. पण नकाशा उघडून पाहा, कर्कवृत्त आपल्या वरतून, भोपाळजवळून जाते, म्हणजे अकोला, यवतमाळ, गडचिरोली, अख्खा विदर्भ उष्ण कटिबंधातच हाय. मे महिन्याच्या शेवटी दुपारी नागपुरात सूर्य बरोब्बर डोक्यावर येते, उभ्या माणसाची सावली पायाखालीच राहते. म्हणून या देशांची गाइडबुकं, म्हणजे कुठं राहाचं, कसं जाचं हे सांगणारी पुस्तकं, लिहिणारे लोक काय लिहितात ते आपल्याले लवकर समजते, ऊन, मच्छर, पूर हे त्याईच्यासाठी चॅप्टर, अन् आपल्यासाठी रोजचंच.

आता हे लोक कोण? टोनी अन् मॉरीन व्हीलर, नवराबायको, 1972 मधी लंडनहून जुनी गाडी घेऊन निघाले, काबूलमधी ती विकली, अन् सिडनीले पोचले तवा दोघांच्या खिशात मिळून 27 सेंट उरले होते. जो तो विचारे, बाप्पा कसे आले, कितीत आले? तं 1973 मधी घरीच पानं स्टेपल करून पुस्तक काढलं, अन् लोन्ली प्लॅनेट ही त्याईची गाइडबुकाची कंपनी सुरू झाली. मंग फटफटीवर आग्नेय आशिया पालथा घातला, सिंगापूरच्या एका स्वस्त हॉटेलात बसून लिहिलं, 1975 मधी ते पिवळ्या कव्हरचं पुस्तक आलं. हिलरी ब्रॅड्ट बाईनं तं नवऱ्यासोबत पेरू-बोलिव्हियाचं गाइडबुक ॲमेझॉनच्या खोऱ्यात नदीवरच्या बार्जवर बसून लिहिलं, 1974 ची गोष्ट.

आपल्याले वाटते मजा हाय, फुकट फिरणं. कायची मजा! एका गावात एका मागं एक लॉज पाहत फिरा, मच्छरदाणी फाटली का, नळाले पाणी येते का, कडी आतून लागते का, अन् झोपायचं त्यातल्या एकाच खोलीत. मंग स्टँडवर जा. बोर्डावरचा टाइम एक, चौकशीच्या खिडकीतला दुसरा, कंडक्टरचा तिसरा, अन् खरं माहीत कोणाले, तं बाहेरच्या चहावाल्याले, कारण त्याचं दूध गाडीच्या हिशोबानं चढते. चांगला लेखक त्या चहावाल्याजवळ बसते. मीना प्रभूंचं 'दक्षिणरंग' वाचलं का दक्षिण अमेरिका डोळ्यापुढं येते, पण ते प्रवासवर्णन, त्याले गाडीचा टाइम कोणी मागत नाई.

उष्ण देशात अजून एक भानगड, तिथं थंडी-उन्हाळा नाई पाहत, पाऊस पाहतात. केनियात दोनदा पाऊस, मोठा मार्च ते मे, छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर. कोस्टा रिकात मे ते नोव्हेंबर ओलं. मादागास्करले जानेवारी ते मार्च चक्रीवादळाची भीती. लेखक कोरड्या महिन्यात गेला अन् "रस्ता मस्त" लिहून आला, तं ओल्या महिन्यात जाणारा माणूस गाळात फसलाच म्हणून समजा.

अन् न जाता लिहिणारेबी असतात. 2008 मधी लोन्ली प्लॅनेटच्याच एका लेखकानं सांगितलं का कोलंबियाच्या पुस्तकासाठी तो कोलंबियाले गेलाच नाई, पैसेच तेवढे नव्हते दिले म्हणे. कंपनी म्हणे, त्याले फक्त इतिहासाचा भाग दिला होता, तिथं जायचं कामच नव्हतं. दोघंबी आपापल्या जागी खरे असतील, पण मले विचाराल तं जेवणाची चव अन् रस्त्याचे खड्डे घरी बसून लिहिता येत नाई.

आता आपलंच पाहा. ताडोब्याचा कोअर भाग जुलै ते सप्टेंबर बंद असते, हे पुस्तकात सापडते. लोणारचं सरोवर उल्का पडून झालं, तेबी सापडते. पण जुलैत नाल्यावरचा पूल बुडला का गाडी कोणत्या फाट्यावरून परत फिरते, मे महिन्यात दुपारी बारा ते चार कोणत्या ढाब्यावर खाट मिळते, झुणका-भाकर कोणाच्या हातची, हे बाहेरच्या माणसाले दोन दिवसात कसं समजीन? ते गावातल्या एखाद्या पोरानं लिहावं, एसटीच्या मागच्या सीटवर बसून, मोबाइलवरच लिहिलं तरी चालते, फक्त दरवर्षी बदलत राहा, कारण भाडं वाढते, ढाबे बंद पडतात. अन् हो, आपल्या गावाची तारीफ जरा कमी करजा.

चला, माया टाइम झाला, आता बाजारभाव ऐका.