दंडावरची चरबी आणि दंडातला स्नायू

नमस्कार. बोलायला लागण्याआधी सगळ्यांनी एक करा. डावा तळवा उजव्या दंडाच्या मागे ठेवा, काख आणि कोपर यांच्या साधारण मध्यावर. उजवा हात सैल, कोपरात वाकलेला. आता कोपर सरळ करत जा, पूर्ण ताठ करा, आणि ताठ झाल्यावरही अजून थोडा सरळ करायचाय असा जोर लावा. तळव्याखाली काही टणक झालं? मागच्या रांगेतल्या एक काकू मान हलवताहेत, काहीच लागत नाही म्हणून. काकू, तो ताठ हात तसाच जरा पाठीमागे न्या. आता? लागलं ना! बघा, आहे की नाही? तो ट्रायसेप्स. दंडात जेवढा म्हणून स्नायू आहे, त्याचा अर्ध्याहून जास्त हिस्सा हा एकटा. आरशासमोर आपण जी जागा चिमटीत धरून बघतो ना, ती नेमकी याच्यावरची.

चिमटीत येते ती कातडी आणि चरबी. चिमटीत येत नाही तो स्नायू. चरबी कमी करणं हे सगळ्या शरीराचं काम आहे, आणि दंडाला आकार देणं हे त्या एका स्नायूचं. दोन कामं वेगळी, त्यांचा वेग वेगळा, त्यांची साधनंही वेगळी. एवढंच सांगायला मी आले आहे. पत्रिकेवर ‘वजन उतरवताना दंड सडपातळ आणि घट्ट : बारा आठवड्यांचा आराखडा’ असा विषय छापलाय. आराखडा देणार आहे, लिहून आणलाय. पण त्याआधी माझ्या बाबतीत जे घडलं ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येणार नाही.

मी तेव्हा 34 वर्षांची, शाळेत शिकवत होते. दुसऱ्या बाळंतपणानंतर वाढलेलं वजन वर्षभरात 14 किलोंनी उतरवलं, निव्वळ चालून आणि खाणं कमी करून. पोट उतरलं. चेहरा तर इतका उतरला की लोक विचारायला लागले, बरं नाहीये का. दंडाचा घेरही टेपवर कमी दिसत होता, पण फळ्यावर लिहायला हात वर केला की मागचा भाग आधीपेक्षा जास्त लोंबायचा. मुलांकडे पाठ करून लिहायचं, त्यामुळे ते मला सारखं जाणवायचं. शेवटी एका व्यायामशाळेत गेले. तिथल्या प्रशिक्षकाने दंड बोटाने एकदा दाबून पाहिला आणि सांगितलं, “इथली चरबी जाळायला लागेल.” हातात अर्ध्या अर्ध्या किलोचे दोन डंबेल दिले. हात बाजूला पसरायचे आणि छोटी छोटी वर्तुळं काढायची, रोज 200. वर दंडांना प्लॅस्टिकचा पट्टा गुंडाळायचा, म्हणजे घामाबरोबर चरबी वितळेल. मी विचारलं, जरा जड घेऊ का? “नको मॅडम, हात पुरुषासारखे होतील.”

मी ते आठ महिने केलं. सणवार, पाहुणे, मुलांचे ताप, काही असो, एक दिवस चुकवला नाही. पट्टा सोडला की आतली कातडी ओली, पांढुरकी, सुरकुतलेली असायची. टेप लावली की अर्धा सेंटिमीटर कमी! दोन पेले पाणी प्यायलं, संध्याकाळ झाली, की पुन्हा जिथल्या तिथे. आठव्या महिन्यात उजवा खांदा धरला. त्या कुशीवर झोपता येईना, केस बांधायला हात मागे जाईना.

फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खांदा तपासला, आणि मग 5 किलोचा एक डंबेल टेबलावर ठेवला. म्हणाल्या, “जो हात दुखत नाही त्याने हा डोक्यावर नेऊन दाखवा.” तीनदा नेला. चौथ्यांदा कोपर थरथरायला लागलं आणि त्यांनी खालून हात दिला. हिशोब करा, दिवसाला 200 म्हणजे आठ महिन्यांची 48,000 वर्तुळं. आणि 5 किलो चार वेळा वर जाईना. त्या म्हणाल्या, “तुम्ही इतके दिवस काम दिलंत खांद्याच्या स्नायूला, आणि फळ मागितलंत दंडामागच्या स्नायूकडे.”

मंडळी, वीस वर्षं होत आली, पण मला त्याचा राग अजून येतो. वेळ गेला त्याचं एवढं नाही. ज्या बाईला अर्ध्या किलोच्या वर काही द्यायला तो प्रशिक्षक तयार नव्हता, ती बाई त्याच दिवसांत 11 किलोचं मूल कडेवर घेऊन, दुसऱ्या हातात पिशवी धरून, रोज तीन मजले चढत होती. हे कुणी विचारलंच नाही. मीही सांगितलं नाही, कारण तो व्यायाम आहे असं मलाच वाटत नव्हतं. त्या रागापायी मी हा विषय शिकायला लागले, आणि शाळा सोडून आज बायकांना वजनं उचलायला शिकवते.

आता त्या प्रशिक्षकाचं नेमकं चुकलं कुठे? चरबीच्या पेशीत साठवण असते ट्रायग्लिसराइडची, म्हणजे चरबी ज्या रूपात साठते त्या रेणूंची. अंगाला ऊर्जा कमी पडली की अ‍ॅड्रेनलिनसारखी संप्रेरकं रक्तातून सगळीकडे फिरतात, पेशींतली साठवण फुटते, तिचे तुकडे म्हणजे फॅटी अ‍ॅसिडं रक्तात उतरतात, आणि ज्या स्नायूला गरज असेल तो ती उचलतो. दंड हलवणाऱ्या स्नायूला मांडीवरची चरबी चालते, पोटावरची चालते. शेजारचीच पाहिजे असा त्याचा हट्ट नसतो. काम करणाऱ्या स्नायूलगतच्या चरबीत रक्त थोडं जास्त खेळतं, तिथली चरबी किंचित जास्त सुटते, हे प्रयोगात मोजलेलं आहे. पण ते इतकं थोडं की टेपवर कधीच दिसणार नाही.

आणि हे काही कालचं ज्ञान नाही. 1971 मध्ये अमेरिकेत टेनिस खेळाडूंचे दोन्ही हात मोजले. वर्षानुवर्षं एकाच हाताने रॅकेट चालवलेली माणसं! यापेक्षा चांगला प्रयोग निसर्गाने आपल्याला काय द्यायचा? खेळत्या हाताचा घेर जास्त भरला, म्हणजे स्नायू जास्त. कातडीखालच्या चरबीची जाडी मात्र दोन्ही हातांवर सारखी. 2007 चा एक अभ्यास तर अगदी आपल्या विषयाचा. बारा आठवडे फक्त एकाच हाताला वजनांचा व्यायाम दिला. चरबी चिमट्याने मोजली, तर पुरुषांमध्ये व्यायामाच्या हातावर ती कमी झाल्यासारखी दिसली. एमआरआय केला, तर दोन्ही दंडांवरच्या चरबीत फरक नाही! खाली स्नायू भरला की कातडी ताणून बसते आणि चिमटीत कमी येते. मला हा अभ्यास फार आवडतो. कारण ‘व्यायामाने दंड बारीक झाले’ असं सांगणाऱ्या बायका खोटं बोलत नाहीत, हे त्यातून कळतं. त्यांच्या चिमटीत खरोखरच कमी येत असतं.

घामाचंही सांगून टाकते. 10 किलो चरबी शरीरात पूर्ण जळली, तर 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जाते आणि 1.6 किलोचं पाणी होतं. 2014 मध्ये दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी हा हिशोब मांडून दाखवला. चरबीच्या जाण्याची मुख्य वाट नाकातोंडातून आहे. प्लॅस्टिकच्या पट्ट्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

मग माझा दंड लोंबायला का लागला? कारण मी फक्त चालत होते आणि खाणं कमी केलं होतं. स्नायूंना काम न देता वजन उतरवलं, की उतरलेल्या वजनातला साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसतो, आणि त्यात स्नायूही जातात. वर्षभर पिशवी रिकामी करत गेले आणि आतला आधारही काढून घेतला. जोडीला वय असतंच. तिशीनंतर दर दहा वर्षांनी 3 ते 8 टक्के स्नायू आपसूक कमी होतात. त्यातून ‘हात पुरुषासारखे होतील’ ही भीती! बायकांच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं पुरुषी संप्रेरक, पुरुषांच्या साधारण पंधरावा हिस्सा असतं. सोळा-सतरा वर्षांत माझ्याकडे शेकडो जणी आल्या. चुकून पैलवान झाली अशी एकही नाही.

थोडं भाषेकडे वळते, राहवत नाही. आपल्याकडे ‘दंड’ म्हणजे हाताचा हा भाग, ‘दंड’ म्हणजे हात टेकून काढायचा व्यायाम, आणि ‘दंड’ म्हणजे शिक्षाही. यातला तिसरा अर्थ व्यायामात आणू नका. काल खाणं जास्त झालं म्हणून आज शंभर काढते, असं म्हणणारी बाई तीन आठवड्यांत व्यायाम सोडते, हे मी इतक्यांदा पाहिलंय. आणि ‘दंड थोपटले’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर काय येतं? भरलेला हात. लोंबतोय का, बारीक आहे का, हा प्रश्न त्या शब्दांच्या आसपासही नाही...

चिठ्ठी आली. सात मिनिटं. अरे देवा, आराखडा तर सगळाच राहिलाय. वह्या काढा, भराभर सांगते.

आधी मोजमाप. खांद्याच्या टोकाचं हाड आणि कोपराचं टोक यांचा मध्य काढा, पेनाने खूण करा, हात सैल सोडून तिथे टेप लावा. महिन्यातून एकदाच, सकाळी. दोन्ही हात मोजा. मी आठ महिने दर रविवारी खुणेशिवाय मोजत होते, म्हणजे दर वेळी दुसरीच जागा.

खाणं. वजन आठवड्याला अर्धा ते एक टक्का उतरेल इतकंच कमी करा. त्याहून घाई केली की स्नायू जास्त जातो. प्रथिनं वजनाच्या दर किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांनी ठरवायचा. चरबी आधी कुठून उतरेल ते तुमच्या घराण्यावर आणि संप्रेरकांवर आहे. दंडाची पाळी शेवटी येऊ शकते. आली नाही म्हणून खाणं आणखी तोडू नका.

व्यायाम आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मधे एक दिवस सोडून. चार हालचाली. पहिली ढकलण्याची. भिंतीवर हात टेकून दंड, ते सोपे झाले की टेबलाच्या कडेवर, मग जमिनीवर. दुसरी ओढण्याची, वाकून वजन कमरेकडे ओढायचं. पाठ आणि दंडाची पुढची बाजू यात येते. तिसरी, वजन खांद्यापासून डोक्यावर नेण्याची. चौथी खास आपल्या विषयाची. डंबेल दोन्ही हातांनी डोक्यावर धरा, कोपरं कानाजवळ, फक्त कोपरातून वाकवून डंबेल मानेमागे न्या आणि पुन्हा वर. ट्रायसेप्सच्या तीन भागांपैकी सगळ्यात लांब भाग खांद्याच्या पात्यापासून निघतो, त्यामुळे हात वर असतानाच तो पूर्ण ताणला जातो. 2022 च्या एका प्रयोगात बारा आठवडे एक हात असा वर ठेवून आणि दुसरा बाजूला ठेवून हीच हालचाल करवली. वरच्या हाताचा ट्रायसेप्स सुमारे 20 टक्के वाढला, खालच्याचा 14. खांदा दुखत असेल तर मात्र ही चौथी सोडा आणि आधी खांदा दाखवा.

प्रत्येकीचे दोन-तीन सेट, म्हणजे फेऱ्या, सेटमध्ये 8 ते 15 वेळा. एका वेळेला म्हणतात रेप. वजन असं घ्या की शेवटचे दोन-तीन रेप्स खरंच जड गेले पाहिजेत. सगळे 15 आरामात झाले की पुढच्या वेळी वजन वाढवा. बारा आठवड्यांचा आराखडा म्हणजे एवढंच. पहिले चार आठवडे हालचाल नीट बसवा, पुढचे आठ वजन चढवत न्या.

कातडीबद्दल खरं सांगते. 30-40 किलो उतरले असतील, वय जास्त असेल, तर कातडी पूर्ण आवळत नाही. कुठलंही क्रीम ती आवळत नाही. शस्त्रक्रिया आहे, तिचा व्रण काखेपासून कोपराकडे राहतो. ज्यांना करायची त्यांनी वजन स्थिर झाल्यावर विचार करावा.

आणि हे मात्र नक्की लिहून घ्या. एकच हात सुजला, अंगठी किंवा बांगडी एकाच हाताला घट्ट झाली, तर व्यायामाच्या नादी न लागता आधी डॉक्टर गाठा. दोन्ही दंड जाड, दाबलं की दुखतात, चटकन काळे-निळे होतात आणि मनगटापासून पुढे हात नेहमीसारखा, असं असेल तर तो लिपेडेमा, म्हणजे चरबी साठण्याचा एक आजार, असू शकतो. तो खाणं कमी करून हटत नाही. कित्येक बायका त्यासाठी वर्षानुवर्षं स्वतःला दोष देत बसतात. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर त्या बाजूने काही उचलू नका, हात सुजेल, असं पूर्वी सरसकट सांगायचे. 2009 मध्ये अशा 141 बायकांवरचा अभ्यास आला. देखरेखीखाली हळूहळू वजनं वाढवली, तर हाताची सूज वाढली नाही, उलट त्रास कमी झाला. विचारून, शिकून, पण जरूर उचला.

शेवटची चिठ्ठी श्रोत्यांकडून आलीये, ‘फरक किती दिवसांत?’ ताकदीचा तीन-चार आठवड्यांत कळतो, कारण स्नायू भरण्याआधी मज्जातंतू शिकतात. हाताला कळेल, डोळ्याला नाही. डोळ्याला दिसायला आठ ते बारा आठवडे. टेपचा भरवसा धरू नका, आत स्नायू भरतो आणि वरून चरबी उतरते तेव्हा आकडा महिनोन्‌महिने हलत नाही. त्यापेक्षा आज घरी गेल्यावर भिंतीवर किती दंड निघतात ते मोजून तारीख घाला. मागच्या रांगेतल्या काकू, तुम्ही घरी कशाला जाताय, तुमच्या पाठीमागेच भिंत आहे. या, मी तिथेच येते.