गुजसीटॉक: शिक्षेपेक्षा प्रक्रिया पाहा

मंडळी, बडोद्यातल्या मराठी घरांत मोक्का सगळ्यांना ठाऊक असतो, कारण नातेवाईक पुण्या-मुंबईला. इथे लागतो तो मात्र गुजसीटॉक, म्हणजे दहशतवाद आणि संघटित गुन्हेगारीविरुद्धचा गुजरातचा कायदा. विधानसभेने तो २०१५ साली मंजूर केला आणि १ डिसेंबर २०१९ला तो अमलात आला. साचा १९९९च्या मोक्क्याचाच, वर दहशतवादाची भर.

शिक्षेवर मी बोलणार नाही. खून, खंडणी, अपहरण यांना आधीही कडक शिक्षा होत्याच. फरक आहे तो प्रक्रियेत. पोलीस अधीक्षकांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरतो. सरकारी वकिलांनी विरोध केला, तर आरोपी दोषी नसावा आणि सुटल्यावर गुन्हा करणार नाही, असे मानायला आधार असल्याशिवाय न्यायाधीश जामीन देऊ शकत नाहीत.

एवढे अधिकार द्यायचे, तर हा कायदा कोणाला लागतो ते काटेकोरपणे पाहायला हवे. मागच्या १० वर्षांत टोळीवर एकाहून अधिक आरोपपत्रे हवीत, गुन्हे ३ किंवा अधिक वर्षांच्या शिक्षेचे हवेत आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली हवी. नुसत्या एफआयआर मोजून भागत नाही. प्रत्येक आरोपीवर वेगळी दोन आरोपपत्रे हवीत, हा बचाव मात्र टिकत नाही. टोळीवर असली तरी पुरतात. शिवाय कायदा आल्यानंतरचा एक तरी गुन्हा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले.

खरी गफलत होते नव्वदाव्या दिवसाच्या आसपास. आरोपपत्रासाठी तपासाची ९० दिवसांची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण त्यासाठी सरकारी वकिलांचा स्वतःचा अहवाल लागतो: तपास कुठवर आला आणि कोठडी अजून का हवी. तपास अधिकाऱ्याच्या अर्जाखाली नुसती सही ठोकली, तर तो अहवाल होत नाही. २०२२ मध्ये गुजरातच्याच एका प्रकरणात मुदतवाढ देताना आरोपींना हजर केले नव्हते, अर्जाची कल्पनाही दिली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने मुदतवाढ बेकायदा ठरवून डिफॉल्ट जामीन, म्हणजे मुदतीत आरोपपत्र न आल्यास हक्काने मिळणारा जामीन, दिला. 'हक्कांच्या लाडामुळे गुंड सुटतात' म्हणणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा. आरोपींना त्या दिवशी हजर केले असते, तर ही वेळ आलीच नसती.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १११ देशभर आहे. संघटित गुन्हेगारीची व्याख्या जवळपास तीच, शिक्षा किमान ५ वर्षे. जामिनाची ती कडक अट त्यात नाही, पण गुजसीटॉकसारखी गुन्हा नोंदवण्याआधी वरिष्ठांची मंजुरी घेण्याची अटही नाही. मला हे जास्त धोक्याचे वाटते, कारण चाळणी ठाण्याच्या पातळीवरच संपते.

कोणाच्या घरी असा प्रसंग आलाच, तर वकिलांकरवी जुन्या आरोपपत्रांच्या, दखल घेतल्याच्या आदेशांच्या आणि मुदतवाढीच्या अहवालाच्या प्रमाणित प्रती आधी काढा. मुदत संपली असेल, तर डिफॉल्ट जामिनाचा अर्ज आरोपपत्र दाखल होण्यापूर्वीच द्या. ते एकदा दाखल झाले, की हा हक्क उरत नाही.