प्रेअरीवर दिसले ते कोण? चालीवरून, शेपटीवरून आणि आवाजावरून ओळख

मंडळी, आपल्यापैकी बरेच जण डेन्व्हर, ओमाहा किंवा कॅलगरीच्या आसपास स्थायिक झाले आहेत, आणि सुटीत गाडीने प्रेअरी, म्हणजे उत्तर अमेरिकेचा विस्तीर्ण गवताळ माळ, ओलांडताना ‘नुसते गवत, बघण्यासारखे काही नाही’ ही तक्रार मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. खरे तर या माळावर जनावर लपायला झाडी नसल्यामुळे ते दिसते भरपूर. अडचण एवढीच, की ते लांबून दिसते, आणि उन्हात वाळलेल्या गवताच्या पार्श्वभूमीवर सगळेच तांबूस-करडे भासते. म्हणून रंगावर विसंबू नये. आधी चाल पाहावी, मग शेपूट, मग ते कोठे बसले आहे हे पाहावे, आणि रंगाचा विचार सर्वांत शेवटी करावा, एवढेच मला आज सांगायचे आहे.

सर्वाधिक घोटाळा हरणांच्या बाबतीत होतो. आपण तिघांनाही सरसकट हरीण म्हणतो; त्यांतील पांढऱ्या शेपटीचे व्हाइटटेल आणि म्युल डिअर ही दोन खरी सारंगे (डिअर कुळातली हरणे) आहेत, तर प्रॉन्गहॉर्न हे दोघांपासून पार वेगळ्या कुळातले, त्या कुळात आज एकटेच उरलेले जनावर आहे. व्हाइटटेल बिचकले की शेपूट ताठ उभी करते, तिची आतली पांढरी बाजू निशाणासारखी फडकते आणि ते लांब झेपा टाकत ओढ्याकाठच्या झुडपांकडे पळते. म्युल डिअरची शेपूट दोरीसारखी बारीक, टोकाला काळी असते, कान मोठे असतात, आणि त्याची पळण्याची तऱ्हा एकदा पाहिली की विसरत नाही: चारही खूर एकाच वेळी जमिनीवर आपटून ते वर उसळते, पुन्हा चारही खुरांवर उतरते आणि पुन्हा उसळते. नरांची शिंगेही वेगळी. व्हाइटटेलच्या एका मुख्य दांड्यातून सरळ फाटे वर निघतात, तर म्युल डिअरच्या दांड्याला दोन शाखा फुटून त्या प्रत्येकीला पुन्हा दोन फुटतात.

प्रॉन्गहॉर्न मात्र झुडपाकडे धावत नाही, ते उघड्या माळाकडेच धावते, आणि तेही ताशी सुमारे 85-90 किलोमीटर वेगाने. अमेरिका खंडांत त्याच्याइतके वेगवान दुसरे भूचर जनावर नाही. गळ्यावर दोन पांढरे पट्टे आणि पुठ्ठ्यावर पांढऱ्या केसांचा मोठा ठिपका असतो. धोका दिसताच हे केस पिंजारतात, तेव्हा मैलभरावरूनही ते चमकतात. आणखी एक खूण कुंपणाशी सापडते. सारंगे तारेवरून सहज उडी मारतात. एवढा वेगवान प्रॉन्गहॉर्न मात्र बहुधा उडी टाळतो आणि तळाच्या तारेखालून सरपटत पलीकडे जातो. म्हणूनच काही ठिकाणी कुंपणाची खालची तार मुद्दाम उंचावर आणि बिनकाट्याची लावतात.

बायसन, म्हणजे अमेरिकेतला धिप्पाड, केसाळ रानबैल, ओळखायला व्याख्यानाची गरज नाही. फक्त त्याची शेपूट उभी झाली, तर फोटोचा मोह सोडून गाडीत बसावे, इतके पुरे.

जमिनीवर ताठ उभे राहणाऱ्या छोट्या प्राण्यांना कॅनडाच्या प्रेअरीत सर्रास ‘गोफर’ म्हणतात, पण ती बहुधा रिचर्डसनची जमिनीवरची खार असते; खरा गोफर बिळाबाहेर क्वचितच येतो. प्रेअरी डॉग त्याहून धष्टपुष्ट, मातीच्या उंचवट्यांच्या भल्या मोठ्या वसाहतीत राहणारा. मध्येच एखादा मान मागे टाकून उसळी घेत ओरडतो आणि शेजारचे एकामागून एक तेच करतात. अशा वसाहतीत एखादा ‘प्रेअरी डॉग’ लांब, बारीक पायांवर उभा राहून खालीवर डुलू लागला, तर दुर्बीण लावावी. ते बिळात राहणारे, दिवसाही वावरणारे घुबड असते.

कुत्र्यासारखे काही दिसले तर बहुतेक वेळा तो कायोटी असतो. पळताना त्याची शेपूट खाली झुकलेली असते, लांडग्याची पाठीच्या रेषेत राहते. कोल्ह्यांमध्ये शेपटीचे टोक पाहावे: पांढरे असेल तर रेड फॉक्स, काळे असेल आणि अंग जेमतेम मांजराएवढे असेल तर स्विफ्ट फॉक्स. हा दुसरा कॅनडातून 1930 च्या दशकापर्यंत नाहीसा झाला होता आणि 1983 पासून त्याला पुन्हा माळावर सोडण्यात आले.

पक्ष्यांपैकी मेडोलार्कवर थोडे थांबतो. कुंपणाच्या खांबावर, पिवळ्याजर्द छातीवर काळा ‘व्ही’ मिरवत तो बसतो, आणि आपल्याकडे पाठ केली की तपकिरी ठिपक्यांमुळे अक्षरशः गवतात विरून जातो. उडाला की शेपटीच्या कडांची पांढरी पिसे दिसतात. नावात ‘लार्क’ असले तरी चंडोलाशी त्याचे नाते नाही. नेब्रास्का आणि कॅन्सासमध्ये पश्चिमी आणि पूर्वी अशा दोन्ही जाती आढळतात, आणि त्या दिसायला इतक्या सारख्या आहेत की अनुभवी निरीक्षकही नुसत्या पिसाऱ्यावरून खात्री देत नाहीत. गाणे ऐकावे: पूर्वेकडच्याची साधी, स्पष्ट शीळ; पश्चिमेकडच्याची सुरुवात शिळेची, पण शेवट खळखळत, बासरीसारखा घरंगळणारा.

गवतावरून अगदी खालून, पंख उथळ ‘व्ही’ आकारात धरून जाणारा शिकारी पक्षी नॉर्दर्न हॅरियर. महाराष्ट्राच्या माळरानावर हिवाळ्यात येणारे भोवत्या पक्षी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे उड्डाण ओळखीचे वाटेल. नर करडा, मादी तपकिरी, पण कमरेवरचा पांढरा पट्टा दोघांनाही असतो. संध्याकाळी त्याच गवतावर, दिव्याभोवतीच्या पतंगासारखे सैल पंख मारत शॉर्ट-इअर्ड घुबड येते. हे घुबड हिवाळ्यात महाराष्ट्रातही उतरते. उंच घिरट्या घालणाऱ्या शिकारी पक्ष्यांत रेड-टेल्ड हॉकच्या पंखाच्या पुढच्या कडेला, खांद्याजवळ, गडद पट्टी असते. स्वेन्सनच्या हॉकचे बहुधा उलटे: पंखाची पुढची बाजू फिकट, मागची पिसे गडद. हा दुसरा हिवाळ्यात थेट अर्जेंटिनाच्या पॅम्पासवर जातो, म्हणून जानेवारीत ‘स्वेन्सन दिसला’ असे कोणी म्हटले, तर मी फोटो मागतो.

शेवटी वसंतात नर पक्षी माद्यांसाठी करतात तो नाच. प्रेअरी चिकनच्या अंगावर आडवे पट्टे असतात, शेपूट आखूड आणि बोथट असते, नराच्या मानेवरच्या पिशव्या केशरी फुगतात आणि त्याचा घुमणारा आवाज दूरवर पोहोचतो. शार्प-टेल्ड ग्राउजची शेपूट अणकुचीदार, पिशव्या जांभळट, आणि तो पंख पसरून इतक्या झपाट्याने पाय आपटतो की खुळखुळा वाजल्यासारखे वाटते. नेब्रास्कात दोघेही असल्याने तेथे जाणाऱ्यांनी सूर्योदयाआधीच गाडीत किंवा आडोशात बसावे, आणि पक्षी स्वतःहून उठून जाईपर्यंत बाहेर पडू नये. एकदा बिथरले तर त्या सकाळचा नाच तेथेच थांबू शकतो.