मूठ आधी की नाणं आधी?

(दृश्य: यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. पारावर दोन पोरं.)

एका पोरानं पाठीमागे हात नेऊन चिंचोका मुठीत दडवला. दुसऱ्यानं रुपया उडवला. छापा पडला तर डावी मूठ, काटा पडला तर उजवी. नाणं धुळीत पडलं. पोरगं वाकलं, छापा बघितला, डाव्या मुठीवर बोट ठेवलं. चिंचोका तिथंच होता.

आता डाव उलटा. आधी नाणं पडतं, दोघंही ते पाहतात आणि मग चिंचोका लपवला जातो. पहिला डाव १०० वेळा खेळा, साधारण ५० वेळा जिंकाल. या दुसऱ्यात लपवणाऱ्यानं मनावर घेतलं तर तुम्ही एकदाही जिंकणार नाही. नाणं तेच, मुठी त्याच. क्रम तेवढा फिरला.

संगणकाच्या प्रोग्रामचा नेमका अर्थ गणितात मांडणाऱ्यांसमोर हाच क्रम उभा राहतो. प्रोग्राममधली एक निवड नाण्यासारखी असते, तिला आकडा असतो. दुसरीला आकडाच नसतो. काय निवडलं जाईल ते कुणी सांगू शकत नाही. १९७५ मध्ये संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी बिनआकड्याच्या निवडीचा हिशेब शेवटाकडून मागे करत आणायची रीत दिली. १९८१ मध्ये डेक्स्टर कोझेन यांनी नाण्यावाल्या प्रोग्रामांचा अर्थ मांडला. या दोन्ही निवडी एकाच हिशेबात बसवणारं काम कॅरल मॉर्गन, अनाबेल मॅकायव्हर आणि कॅरन सायडेल यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलं.

त्यांची रीत पारावरच करून पाहू. जिंकलं तर १, हरलं तर ०. शेवटाकडून मागे या. नाणं भेटलं की सरासरी घ्या, लपवणारा भेटला की सगळ्यात कमी आकडा घ्या. पहिल्या डावात मागे येताना आधी नाणं भेटतं: चिंचोका कुठल्याही मुठीत असो, सरासरी अर्धा. त्यातला कमी आकडाही अर्धाच. दुसऱ्या डावात आधी लपवणारा भेटतो, तो दोन्हीकडे शून्य करून ठेवतो. शून्याची सरासरी शून्य.

ज्याला आकडा नाही, त्याला मनानंच ५० टक्के धरून चालणं ही मला सगळ्यात घातक चूक वाटते. ती आमच्या घरानं भोगली आहे.

(दृश्य: जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसानं भरलेल्या बंड्या. आभाळ भरून आलेलं.)

पावसाची शक्यता आकड्यात सांगता येते, खरेदीदाराच्या मनातली नाही. एका वर्षी बाबांनी भाव न ठरवताच बंडी इथं आणून उभी केली. रात्री सरी आल्या. सकाळी खरेदीदारानं ढिगात हात खुपसला, मूठभर कापूस दाबून पाहिला आणि मग भाव सांगितला. नाणं पडलेलं त्यानं पाहिलं होतं.

पुढच्या वर्षी तो वावरात आला तेव्हा आभाळ कोरडं होतं. बाबा धुऱ्यावरच उभे राहिले. म्हणाले, "पहिले भाव बोला शेठ, मंगच बंडी भरतो."