‘ऑर्गनायझेशन’ आडनावाचा लेखक

शोधनिबंध छापायला जाण्याआधी त्यांच्या संदर्भसूच्या तपासणं हे माझं काम. त्यामुळे एका लेखकाशी माझी फार जुनी ओळख आहे. त्याचं आडनाव ‘ऑर्गनायझेशन’, नावाची आद्याक्षरं ‘डब्ल्यू. एच.’. आरोग्याशी संबंधित निबंध असला की हे गृहस्थ सूचीत ‘ओ’ अक्षराखाली हटकून भेटतात. हसलात, म्हणजे ओळखलंत. वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशन. कुणीतरी संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला ते नाव दिलं, सॉफ्टवेअरनं शेवटचा शब्द आडनाव धरला, आधीच्या दोन शब्दांची आद्याक्षरं केली आणि संघटनेचा माणूस झाला.

यात सॉफ्टवेअरचा दोष किती? मला विचाराल तर काहीच नाही. माणूस कोण आणि संस्था कोण हे त्याला कळत नाही, ते आपण सांगायचं असतं. झोटेरो हे असंच एक सॉफ्टवेअर, त्यात लेखकाच्या नावाशेजारी एक छोटं बटण असतं. ते दाबलं की आडनाव आणि नाव हे दोन रकाने जाऊन एकच रकाना उरतो. एंडनोट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये संस्थेच्या नावानंतर एक स्वल्पविराम टाकून ठेवायचा. बिबटेक हे तिसरं, ते वापरणाऱ्यांनी नावाला महिरपी कंसांची दुहेरी जोडी घालायची. दोन सेकंदांचं काम. पण ते नोंद घेतानाच करायचं काम आहे. संदर्भसूचीतल्या बहुतेक चुका निबंध लिहिताना होतच नाहीत. त्या सहा महिने आधी, नोंद घेतली त्या दिवशी होऊन बसलेल्या असतात. दिसतात मात्र शेवटच्या रात्री.

‘कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि तोच मला सगळ्यात कमी महत्त्वाचा वाटतो. तरी आधी तो उरकून टाकू. गणितात, संगणकशास्त्रात निबंधाच्या मांडणीसाठी लाटेक ही प्रणाली वापरणारे लोक १९८५ पासून ओरेन पाताश्निक यांच्या बिबटेकवर काम करताहेत; त्यांच्यासाठी बिबटेकच्या नोंदी सांभाळणारं जॅबरेफ सोयीचं. एंडनोट जुनं, विकतचं. झोटेरो २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात इतिहासवाल्यांच्या केंद्रात तयार झालं. ते मोफत आहे आणि त्याचा सोर्स कोडही खुला आहे. मेंडली २००८ मध्ये आलं आणि २०१३ मध्ये एल्सेव्हिअर या प्रकाशन कंपनीनं ते विकत घेतलं. सगळ्यांचं मूळ काम एकच: संदर्भ गोळा करणं, जपून ठेवणं आणि मागाल त्या पद्धतीत छापून देणं. मी झोटेरो वापरते, कारण माझ्या नोंदी उद्या दुसरीकडे न्यायच्या झाल्या तर कुणाची परवानगी लागू नये असं मला वाटतं.

ही भीती अगदीच पोकळ नाही. झोटेरोनं एंडनोटच्या शैलीच्या फाइली वाचायची सोय करायला घेतली, तेव्हा २००८ मध्ये एंडनोटच्या तेव्हाच्या मालकांनी, थॉमसन रॉयटर्सनी, थेट विद्यापीठावर दावा लावला. दुसऱ्या वर्षी न्यायालयानं तो काढून टाकला. तुमचे संदर्भ कुठल्या डब्यात आहेत आणि त्या डब्याचं झाकण कोण उघडू शकतं, हे त्या प्रकरणातून कळतं. म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, पण महिन्यातून एकदा सगळ्या नोंदी ‘आरआयएस’ किंवा ‘बिब’ फाइलमध्ये बाहेर काढून ठेवा. साधी मजकुराची फाइल असते, वीस वर्षांनीही उघडेल. आणि झोटेरोवाल्यांना एक सांगते: त्याचं मूळ डेटाचं फोल्डर ड्रॉपबॉक्ससारख्या आपोआप सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये हलवू नका. दोन यंत्रं एकाच वेळी त्या डेटाबेसमध्ये हात घालतात आणि तो बिघडतो. झोटेरोची स्वतःची सिंकची सोय आहे. नोंदींना तिथे मर्यादा नाही. मोफतची ३०० एमबीची मर्यादा आहे ती सोबतच्या फाइलींना.

आता नोंद घेणं. ब्राउझरमध्ये झोटेरोचं बटण असतं. ते दाबण्याआधी त्याच्याकडे नीट बघता का? त्याचं चित्र बदलत असतं. लेखाच्या पानावर कागदाचं चित्र, पुस्तकाच्या पानावर पुस्तकाचं, शोधाची यादी उघडी असेल तर फोल्डरचं. समोर शोधनिबंध आहे, पण चित्र साध्या वेबपानाचं दिसतंय, तर थांबा. तसंच बटण दाबलंत तर निबंध ‘वेबपान’ म्हणून नोंदला जाईल, खंड आणि अंक गायब होतील, आणि सूचीत त्याच्यापुढे लांबलचक दुवा लोंबकळत राहील. त्यापेक्षा लेखाचा डीओआय उचला. प्रत्येक लेखाला मिळणारा, १० या आकड्यानं सुरू होणारा कायमचा ओळख क्रमांक तो. झोटेरोतल्या जादूच्या कांडीच्या बटणात तो टाकला की प्रकाशकानं क्रॉसरेफकडे, म्हणजे डीओआयची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे, जमा केलेली माहिती सरळ येते. पुस्तक असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा क्रमांक, टाका. गूगल स्कॉलरवरून संदर्भ उचलायची सवय अनेकांना असते. शोधायला ते उत्तम, पण नोंदी तिथून घेऊ नका. डीओआय बहुधा नसतोच, आणि निबंध छापून आलेला असतानाही कधी कधी त्याच्या प्रीप्रिंटचीच, म्हणजे छापण्याआधीच्या मसुद्याचीच, नोंद हाती येते.

प्रकाशकाची माहितीही डोळे झाकून घ्यायची नाही बरं का. काही जुनी नियतकालिकं शीर्षकं सबंध मोठ्या लिपीत, म्हणजे कॅपिटल अक्षरांत, पाठवतात. मग सूचीत पंचवीस शांत नोंदी आणि मध्येच एक ओरडणारी. इंग्रजी शीर्षकं नोंदताना पहिला शब्द आणि विशेषनामं सोडून बाकी सगळं लहान लिपीत ठेवा. प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं हवं असेल, तर सॉफ्टवेअर ते करून देतं. उलटं त्याला धड जमत नाही, कारण कुठला शब्द विशेषनाम आहे हे त्याला ठाऊक नसतं.

सूच्या तपासताना मला सगळ्यात जास्त मौज वाटते ती ‘२०१९ए’ आणि ‘२०१९बी’ची. एकाच लेखकाचे एकाच वर्षातले दोन निबंध असले की एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या संदर्भपद्धतीत वर्षापुढे अशी अक्षरं लागतात. बरोबरच आहे. पण मी सूचीत खाली जाऊन बघते तर दोन्ही नोंदी एकाच निबंधाच्या! एकदा तो प्रकाशकाच्या पानावरून घेतलेला, एकदा पीडीएफ ओढून टाकलेली. शीर्षकात एका ठिकाणी अपूर्णविराम, दुसऱ्या ठिकाणी आडवी रेघ. सॉफ्टवेअरच्या लेखी ते दोन वेगळे निबंध. याचंच चुलतभावंड म्हणजे मजकुरात मध्येच उगवणारी आद्याक्षरं. सगळीकडे (स्मिथ, २०१२) आणि एकाएकी (जे. स्मिथ, २०१५). घडलेलं असं असतं की तुमच्या संग्रहात एका नोंदीत ‘जॉन स्मिथ’ आहे आणि दुसरीत ‘जे. स्मिथ’. सॉफ्टवेअर म्हणतं, ही दोन माणसं दिसताहेत, वाचकाचा गोंधळ नको, फरक दाखवू या. बिचारं मदतच करत असतं. लोक हे वर्डमध्ये हातानं खोडतात, पुढच्या रिफ्रेशला ते परत येतं, मग लोक सॉफ्टवेअरला शिव्या देतात. इलाज वर्डमध्ये नाही, संग्रहात आहे. जुळ्या नोंदी एकत्र करा. डिलीट नका करू, एकत्र करा, म्हणजे मजकुरात आधी घातलेले संदर्भ तुटत नाहीत.

नावांचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडं. चिनी नावात आडनाव आधी येतं. माओ त्से तुंग यांचं आडनाव माओ, म्हणून सूचीत ते ‘एम’खाली हवेत. स्पॅनिश नावात बहुधा दोन आडनावं असतात, पहिलं आईचं नव्हे तर बहुतेकदा वडिलांचं, आणि क्रम त्या पहिल्यावरून लागतो. आणि निबंधात मराठी ग्रंथांचे संदर्भ असतील तर वेगळीच गंमत. रोमन आणि देवनागरी नावं एकत्र असली की सॉफ्टवेअर सगळी देवनागरी नावं रोमन नावांच्या खाली एकगठ्ठा टाकतं. ते चालतं. पण ‘आणि इतर’, ‘संपादक’ असले जोडशब्द सबंध सूचीला एकाच भाषेत लागतात, त्यामुळे मराठी नोंदीच्या मधोमध ‘एट अल.’ येऊन बसतं. याला आज तरी माझ्याकडे हातानं दुरुस्त करण्यावाचून उपाय नाही, आणि ती दुरुस्ती अगदी शेवटच्या प्रतीत करायची.

‘शेवटची प्रत’ म्हणजे काय हे मी एकदा पुरतं शिकले. वर्डमध्ये सॉफ्टवेअरनं घातलेला संदर्भ हा साधा मजकूर नसतो; त्यावर क्लिक केलं की करडी पार्श्वभूमी दिसते, आतून तो तुमच्या संग्रहाशी जोडलेला असतो. एका निबंधात आम्ही क्रमांकाची पद्धत वापरली होती, म्हणजे मजकुरात नावाऐवजी संदर्भाचा आकडा. नियतकालिकाला जोडण्या नसलेली साधी फाइल हवी होती, म्हणून मी जोडण्या तोडल्या आणि त्याच फाइलवर सेव्ह केलं. दोन महिन्यांनी परीक्षकांचा निरोप आला: प्रस्तावनेत दोन संदर्भ आणखी घाला. प्रस्तावनेत! म्हणजे तिसऱ्या संदर्भापासून पुढचे सगळे आकडे सरकणार. मी ते कागदावर तक्ता मांडून, पेन्सिलीनं खुणा करत सरकवले आणि तरीही दोन चुकले. तेव्हापासून जोडण्या तोडायच्या त्या ‘सेव्ह ॲज’ केलेल्या प्रतीतच. मूळ फाइलला हात नाही. पान क्रमांक, ‘पाहा’, ‘उदाहरणार्थ’ हेसुद्धा मी करड्या भागात टाइप करत नाही. संदर्भाच्या चौकटीत त्यासाठी जागा असते, तिथे घालते.

नीट नोंदलेलं असलं की सॉफ्टवेअर काय देतं ते एपीएच्या सातव्या आवृत्तीच्या वेळी दिसलं. २०१९ मध्ये ती आली. प्रकाशनाचं गाव गेलं, आणि जिथे सातपर्यंत लेखक सूचीत द्यायचे तिथे वीसपर्यंत द्यायचे झाले. ज्यांच्या नोंदींत सगळे लेखक होते त्यांनी शैली बदलली आणि चहाला गेले. ज्यांनी ‘कशाला एवढे’ म्हणून सहाच लेखक नोंदले होते, ते पुन्हा पीडीएफ उघडून बसले.

आता जरा कडू भाग. एक संदर्भ आहे: व्हॅन डर गीर आणि इतर, वर्ष २०००, वैज्ञानिक लेख लिहिण्याच्या कलेवर. हा निबंध अस्तित्वातच नाही. एका प्रकाशकाच्या लेखकांसाठीच्या नमुन्यात, संदर्भ कसा लिहावा हे दाखवायला तो रचलेला होता. तरीही जवळपास ४०० निबंधांच्या सूच्यांत तो सापडला, आणि २०१७ मध्ये ही गोष्ट चर्चेत आली. बरेच जण नमुन्यातली ती ओळ पुसायला विसरले असणार. पण त्याआधी, २००३ मध्ये, सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोघांनी संदर्भांतल्या छपाईच्या चुका एका सूचीतून दुसऱ्या सूचीत कशा उतरत जातात ते मोजलं होतं. त्यावरून त्यांचा अंदाज निघाला की संदर्भ देणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्केच मूळ निबंध वाचतात. अंदाजच आहे, त्यावर वाद होऊ शकतो. मला मात्र तो पटतो, कारण एकच चुकलेला पान क्रमांक मी तीन वेगळ्या लेखकांच्या सूच्यांत पाहिला आहे.

पूर्वी दुसऱ्याची सूची उतरवायला निदान हात दुखायचा. आता साठ नोंदी एका क्लिकमध्ये येतात, आणि त्यात एआयनं रचलेल्या, डीओआय टाकला तर काहीच न उघडणाऱ्या नोंदींची भर पडली आहे. म्हणून माझ्या संग्रहात दोन टॅग आहेत, ‘वाचलं’ आणि ‘चाळलं’. यातला एकही टॅग नसलेली नोंद मी निबंधात घालत नाही. झोटेरोत २०१९ पासून आणखी एक सोय आहे: संग्रहातला निबंध मागे घेतला गेला, तर मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या यादीवरून ते तुम्हाला तांबडी पट्टी दाखवतं. ती पट्टी दिसली की तो निबंध वापरायचाच नाही असं नाही, पण वापरायचा तर ‘मागे घेतलेला’ असं म्हणूनच.

मघाशी एका मुलीनं चिठ्ठी पाठवली आहे: ‘प्रबंध अर्धा झालाय, दीडशे संदर्भ हातानं टाइप केलेत, आता काय करू?’ कधी द्यायचा आहे? पुढच्या आठवड्यात असेल तर काहीही करू नकोस, हातानंच पूर्ण कर. आत्ता घाईघाईनं बदलायला गेलीस तर दोन्हीकडून अडकशील. चार-सहा महिने हातात असतील, तर आज रात्री फक्त डीओआय गोळा कर. जादूच्या कांडीच्या चौकटीत ते एकाखाली एक असे बरेच एकदम टाकता येतात. शंभराच्या आसपास नोंदी अर्ध्या तासात येतील. उरलेले जुने ग्रंथ, अहवाल, अप्रकाशित प्रबंध हातानं भर. मग ज्या प्रकरणावर काम चालू आहे तेवढ्याच प्रकरणातले टाइप केलेले संदर्भ काढून जोडलेले घालत जा. आणि संस्थांची नावं भरताना ते छोटं बटण.