तबकडी दिसेनाशी होते तेव्हा

(दृश्य : सकाळचा करडा उजेड. छोटी बोट, दोरीला बांधलेली बादली.)

बादली पाण्यात जाते. भरून वर येते. थोडं पाणी बाटल्यांत, तापमानाचा आकडा वहीत. बस्स, एवढंच.

हे हेल्गोलँड. उत्तर समुद्रातलं जर्मनीचं बेट, तांबड्या खडकाचं. इतकं चिमुकलं की इथे मोटारीच काय, सायकललाही बंदी आहे. १८९० साली जर्मनीने झांझिबारवरचा दावा सोडला, तेव्हा ब्रिटनने त्यांना हे बेट दिलं. समुद्राची मोजणी शिकायला इथे आफ्रिकेहूनही तरुण आले. त्यांना हे ऐकून काय वाटलं असेल, कोण जाणे!

१९६२पासून कामाच्या दर दिवशी इथलं पाणी उचललं जातं. तापमान, क्षारता, पोषकद्रव्यं, सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेले प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव. एकट्या बादलीला विचारलं तर ती काहीच सांगत नाही. पण हजारो बादल्यांच्या नोंदी एकाखाली एक मांडल्या, तेव्हा कळलं की हा समुद्र दीड अंशाहून जास्त तापलाय.

(दृश्य : प्रयोगशाळा. वेगवेगळ्या देशांचे तरुण चेहरे.)

२०१३ साली समुद्राची मोजणी शिकवणारा एक वर्ग या बेटावर आला. पैसा जपानच्या निप्पॉन फाउंडेशनचा, आखणी ‘पोगो’ या सागरी संशोधन संस्थांच्या संघटनेची. विकसनशील देशांतले दहा तरुण संशोधक, दहा महिने. त्याआधी, २००८पासून, हाच वर्ग बर्म्युडात भरायचा. तिथेही ‘हायड्रोस्टेशन एस’ या समुद्रातल्या ठरलेल्या जागी १९५४पासून मोजणी चालू आहे. म्हणजे जागा निवडताना कुणीतरी नीट विचार केला होता : जिथे मोजणी थांबत नाही, तिथेच मोजायला शिकवायचं.

(दृश्य : जहाजाच्या कडेवरून खाली जाणारं बाटल्यांचं कडं.)

शिकायला यंत्रंही असतात. हे बाटल्यांचं कडं बघा. दोन्ही टोकं उघडी ठेवून केबलने खाली सोडतात. वर येताना ठरलेल्या खोलीला एकेका बाटलीची झाकणं मिटतात. मधल्या संवेदकांवर पाण्याची क्षारता, तापमान, दाब सलग उमटत राहतो.

पण दहा महिन्यांनी घरी परतायचं असतं. तिथे बहुतेकदा जहाज नसतं, आणि संवेदक तपासून घ्यायचा तर परदेशी पाठवावा लागतो. म्हणून मला या सगळ्या शिक्षणात सगळ्यात मोलाची वाटते ती ही पांढरी तबकडी. दोरीने पाण्यात सोडायची, दिसेनाशी होते ती खोली लिहायची, की पाणी किती नितळ ते कळतं. अँजेलो सेकी या इटालियन पाद्र्याने १८६५ साली भूमध्य समुद्रात वापरली, अजून तशीच आहे. ना बॅटरी, ना केबल. होडी आणि खुणा केलेली दोरी असली की झालं.

एकाच जागी मोजत राहायची चिकाटी आपल्याकडेही आहे. गोव्यात कांदोळीसमोरच्या समुद्रात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७पासून एकाच ठिकाणची नोंद ठेवली आहे. पावसाळा सरता सरता तिथल्या तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन जवळजवळ संपतो. हे एका फेरीत उमगलं नसतं. दर वर्षी तिथेच जावं लागलं.

(दृश्य : पुन्हा हेल्गोलँडची बोट. एक मुलगी कठड्यावरून वाकून बघतेय. मागे दुसऱ्याच्या हातात दोरी.)

“दिसतेय?”

“दिसतेय. अजून सोड.”

“आता?”

“थांब… पुसट झाली. गेली.”

(दोरीवरची खूण. पेन्सिल. वही.)