पो नदीच्या खोऱ्यातील बांधावरच्या वाटा

श्रोतेहो, नमस्कार.

इटलीला जाणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि मिलान ही चार शहरे पाहून परततात. फ्लॉरेन्स सोडून गाडी बोलोन्याच्या पुढे गेली, की व्हेनिसकडे जा किंवा मिलानकडे, खिडकीबाहेर तासन्‌तास एक सपाट, हिरवे, वरवर पाहता एकसुरी मैदान सरकत राहते आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. आज मी या मैदानाबद्दल, आणि तिथल्या नद्यांच्या काठाने शेतशिवारांतून जाणाऱ्या सोप्या पायवाटांबद्दल बोलणार आहे. या वाटांना चढ नाही, त्यांच्यासाठी गिर्यारोहणाचा सराव लागत नाही, आणि साठी-सत्तरीतला माणूससुद्धा तिथे सकाळभर सुखाने चालू शकतो. परंतु केवळ सोप्या आहेत म्हणून मी त्यांची शिफारस करीत नाही. माणसाने पाण्याशी हजारो वर्षे कसा व्यवहार केला, हे जितके स्पष्ट या वाटांवर दिसते, तितके ते युरोपात फार थोड्या ठिकाणी दिसत असेल.

पो ही इटलीतील सर्वांत लांब नदी. फ्रान्सच्या सीमेजवळ मोन्व्हीझो पर्वताच्या कुशीत उगम पावून ती ६५२ किलोमीटर पूर्वेकडे वाहते आणि एड्रियाटिक समुद्राला मिळते. उत्तरेकडून आल्प्सच्या नद्या तिला येऊन मिळतात. बर्फ वितळत असल्यामुळे त्यांना उन्हाळ्यातही भरपूर पाणी असते. दक्षिणेकडून अपेनाइन डोंगरांतल्या नद्या येतात. त्यांचा स्वभाव मात्र आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांसारखा आहे, कारण उन्हाळ्यात त्या रोडावतात आणि पावसाळी दिवसांत अचानक अंगावर येतात. या सगळ्या नद्यांनी आणलेल्या गाळाचेच हे मैदान झाले आहे.

हाच गाळ नद्यांच्या पात्रातही साठतो. पात्र वर येत गेले, तसे लोकांनी दोन्ही काठांना मातीचे बांध घातले. पात्र आणखी वर आले, तसे बांधही आणखी उंच केले. असे शतकानुशतके चालल्यामुळे खालच्या मैदानात कित्येक ठिकाणी नदीची पुराची पातळी आजूबाजूच्या शेतांच्या, एवढेच नव्हे तर घरांच्या अंगणांच्याही बरीच वर असते. तिथे या बांधाला ‘आर्जिने’ म्हणतात. त्याचा माथा सपाट असतो, त्यावर बहुधा गवताची किंवा खडीची चाकोरी असते, आणि हीच चालणाऱ्याची वाट. सपाट प्रदेशात उंची अशी ही एवढीच, त्यामुळे बांधावर चढताच सगळा मुलूख नजरेखाली येतो. एका हाताला नदी आणि बांधाच्या आतली मळईची जमीन, जिला तिथे ‘गोलेना’ म्हणतात आणि जिच्यावर पोच्या काठी पॉप्लरची झाडे सरळ रांगांत लावलेली असतात; दुसऱ्या हाताला पाट, फळबागा, गव्हाची आणि मक्याची शेते आणि चौसोपी वाड्यासारखी जुनी शेतघरे. मे महिन्यात पॉप्लरचा कापूस सुटतो आणि वाटेच्या कडेला पांढरा थर साचतो.

बांधाकडे नीट निरखून पाहावे. उतारावरचे गवत वेळच्या वेळी कापलेले असते, ते केवळ दिसायला चांगले म्हणून नव्हे, तर बिळे दिसावीत म्हणून. साळिंदर, बिज्जूसारखे प्राणी आणि दक्षिण अमेरिकेतून आणला गेलेला न्यूट्रिया नावाचा मोठा उंदीरवर्गीय प्राणी या मातीत बिळे करतात, आणि पुराचे पाणी चढले की अशा बिळातूनच बांध फुटू शकतो. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोलेझिने भागात पो नदीने डावा बांध फोडला, तेव्हा ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि दीड लाखाहून अधिक लोकांना घरदार सोडावे लागले. मे २०२३ मध्ये रोमान्या भागातील अनेक नद्यांनी बांध ओलांडले किंवा फोडले, त्यात सतरा जणांचा बळी गेला. म्हणून या वाटेवर चालताना आपण लोकांच्या जीविताचे रक्षण करणाऱ्या बांधकामावरून चालत आहोत, याची जाणीव ठेवली पाहिजे, आणि दुरुस्तीसाठी वाट बंद असल्याची पाटी दिसली तर मुकाट्याने मागे फिरले पाहिजे.

एकच वाट सुचवायची झाली, तर मी रोमान्यातील सेनिओ नदीची सुचवेन. ही नदी ९२ किलोमीटर लांबीची, म्हणजे लहानच. अपेनाइनमधून उतरून ती मैदानात कोतिन्योला, फुसिन्यानो आणि आल्फोन्सिने या गावांजवळून जाते आणि पुढे रेनो नदीला मिळते. बोलोन्याहून राव्हेन्नाकडे जाणारी लोकल गाडी लुगो गावी थांबते. तिथून पूर्वेला चालत गेले की तासाभरात नदीचा बांध लागतो. लुगोच्या शिवारातले रस्ते आणि पाट एकमेकांना काटकोनात छेदतात, हे चालताना लगेच ध्यानात येते. रोमनांनी इ. स. पू. १८७ मध्ये व्हिया एमिलिया हा महामार्ग बांधला आणि त्यानंतर त्याच्या आसपासची जमीन मोजून सुमारे ७१० मीटर बाजूच्या चौकोनांत शेतकऱ्यांना वाटली. तीच आखणी आजही शाबूत आहे. बेताच्या चालीने नऊ-दहा मिनिटांत एक चौकोन संपतो आणि पुढचा चौरस्ता येतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या भूमापकाचे काम आपल्या पावलांनी असे पडताळून पाहता येते, याचे मला फार अप्रूप वाटते. मार्चअखेरीस या चौकोनांत पीचच्या बागा गुलाबी फुलांनी बहरतात. किवीचे वेल तर द्राक्षांसारखे मांडवावर चढवलेले असतात.

सेनिओचे नाव महाराष्ट्राने लक्षात ठेवावे, याला आणखी एक कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात डिसेंबर १९४४ च्या अखेरीस दोस्त सैन्य आणि जर्मन सैन्य यांच्यातली लढाईची आघाडी या नदीवर येऊन थांबली आणि एप्रिलपर्यंत तिथेच खिळून राहिली. जर्मन सैन्याने हेच पुराचे बांध पोखरून त्यांत मोर्चे केले होते. ९ एप्रिल १९४५ रोजी आठव्या भारतीय डिव्हिजनने नदी ओलांडण्यासाठी हल्ला केला. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव हे त्या वेळी कंपनीचे निरोप्ये होते. या हल्ल्यात त्यांच्या तुकडीतले जवळजवळ सगळे जण पडले. तेव्हा जाधवांनी भर गोळीबारात दोन जखमी साथीदारांना खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून एकेक करून सुरक्षित जागी नेले, मग परत जाऊन शत्रूच्या तीन मशीनगन चौक्या नष्ट केल्या, आणि अखेरीस बांधाच्या माथ्यावर उभे राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत उरलेल्या कंपन्यांना पलीकडे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. आज त्या बांधाच्या चढावर उभे राहिले, की ‘उभा बांध’ म्हणजे काय हे पायांना कळते, आणि अशा चढावरून जखमी माणसाला पाठीवर घेऊन जाणे म्हणजे काय याचा थोडाफार अंदाज येतो. आल्फोन्सिने येथे या लढाईचे संग्रहालय आहे. ते चुकवू नये. जवळच्या फोर्ली शहरात भारतीय सैनिकांची युद्धस्मशानभूमी आणि अग्निसंस्कार झालेल्या सैनिकांचे स्मारकही आहे.

ज्यांना पश्चिमेकडे जाणे सोयीचे आहे, त्यांनी व्हेर्चेल्लीपासून पाव्हियाकडे जाणारा जुन्या यात्रामार्गाचा टप्पा निवडावा. कँटरबरीचे आर्चबिशप सिजेरिक हे इ. स. ९९० मध्ये रोमहून याच मार्गाने परतले होते. आज तो व्हिया फ्रान्चिजेना या नावाने ओळखला जातो आणि इथे तो भातखाचरांच्या बांधांवरून जातो. भाताला पाणी पुरवणारा काव्हूर कालवा १८६३ ते १८६६ या काळात खोदला गेला. एप्रिल-मे महिन्यांत खाचरांत पाणी सोडले, की मैलोन्‌मैल पाण्याचे चौकोन आणि त्यांत बगळे दिसतात. कोकणातल्या किंवा मावळातल्या माणसाला हे दृश्य ओळखीचे वाटेल, परंतु लावणी करणारी माणसे दिसणार नाहीत, कारण तिथे पेरणी यंत्राने होते. पूर्वी मात्र हजारो स्त्रिया दरवर्षी गुडघाभर पाण्यात वाकून निंदणी करीत. त्यांना ‘मोंदीने’ म्हणत.

आता थोडे व्यवहाराचे. एप्रिल, मे आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हे चालण्याचे उत्तम दिवस. जुलै-ऑगस्टमध्ये बांधावर सावली नसते, हवा दमट असते आणि डास फार. हिवाळ्यात धुके इतके दाट पडते की चार पावलांवरचे दिसत नाही. पाणी, टोपी आणि साधे बूट पुरेसे आहेत. लहान गावांत दुपारी एकनंतर तीन-चार तास दुकाने बंद असतात, तेव्हा खाण्याचे आधी घेऊन ठेवावे; रोमान्यात ‘पियादिना’ नावाची गव्हाची जाड पोळी चीज किंवा भाजी भरून मिळते, परंतु तिच्या कणकेत बहुधा डुकराची चरबी घालतात, म्हणून शाकाहारी माणसाने तेलात केलेली मागून घ्यावी. शेतात शिरू नये आणि झाडावरचे फळ तोडू नये. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून जानेवारीअखेरपर्यंत शिकारीचा मोसम असतो, परंतु मंगळवारी आणि शुक्रवारी शिकारीला कायद्याने बंदी आहे. शरद ऋतूत जाणार असाल, तर चालण्यासाठी हेच दोन वार ठरवावेत, आणि परतीच्या गाडीची वेळ निघतानाच स्थानकावर टिपून घ्यावी, कारण रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी या लहान मार्गांवर गाड्या कमी धावतात.

नमस्कार.